टेस्ट हिरवी, लॉग गायब: ताळमेळाच्या एका प्रोग्रामचं प्रकरण

सकाळी सव्वादहाला लेखा विभागातल्या मॅडमचा फोन आला. "अहो, तुमच्या त्या रात्रीच्या प्रोग्रामकडून गेले दोन-अडीच आठवडे एकही मेल आलेला नाही. सगळं खरंच जुळतंय, की काही बंद पडलंय?" मी प्रोग्रामची स्थिती पाहिली. रोज रात्री वेळेवर सुरू झालेला, वेळेवर संपलेला, कुठेही एरर नाही. सगळ्या टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) हिरव्या, म्हणजे पास. "जुळतंय मॅडम," असं मी सांगून टाकलं. दुपारी एका दुकानदाराचा फोन आला, की आठ दिवसांपूर्वीची रक्कम त्याच्या हिशेबात अजून दिसत नाही. तेव्हा कळलं की सकाळी मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

प्रोग्राम तसा साधा आहे. बँकेकडून रात्री यूपीआय व्यवहारांची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) येते. प्रत्येक पंक्तीत व्यवहाराचा १२ आकडी आरआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, असतो. तो आमच्या खात्यातल्या नोंदीशी जुळवायचा; जुळला तर रक्कम दुकानदाराच्या नावे लावायची, नाही जुळला तर ती पंक्ती बाजूला ठेवून पुढे जायचं. एका पंक्तीसाठी अख्खी फाइल अडवायची नाही, हे ठरवूनच केलेलं होतं. बाजूला ठेवलेल्या पंक्तीसाठी प्रोग्राम एकच गोष्ट करतो: लॉगमध्ये, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदवहीत, वॉर्निंग (इशारा) पातळीची एक ओळ लिहितो. लॉग गोळा करणारी यंत्रणा त्या ओळीतले ठरावीक शब्द ओळखते आणि मॅडमना मेल पाठवते. मॅडम बँकेशी बोलून ती पंक्ती मार्गी लावतात.

म्हणजे न जुळलेल्या पंक्तीबाबत त्या फंक्शनचं उत्तर ही लॉगची ओळच होती. फंक्शन काही परत करत नाही, डेटाबेसमध्ये काही लिहीत नाही, एररही फेकत नाही. ओळ गेली की सगळंच गेलं. एकोणीस रात्री ती गेलेलीच होती.

आधी जुन्या टेस्टकडे वळतो, कारण तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. प्रोग्राम पायथन भाषेत आहे; टेस्ट पायथनच्याच युनिटटेस्ट या टेस्ट-लायब्ररीच्या क्लासमध्ये लिहिलेली होती आणि पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाने चालायची. मॉड्यूलमधला लॉगर (लॉग लिहायला घेणारी वस्तू) पॅच करून त्याच्या जागी मॉक, म्हणजे आलेल्या हाका फक्त लक्षात ठेवणारी नकली वस्तू, बसवलेला. मग न जुळणारी एक पंक्ती द्यायची आणि शेवटी विचारायचं, की मॉकवरची 'वॉर्निंग' ही मेथड या या शब्दांनिशी एकदा बोलावली गेली का. उत्तर नेहमी 'हो'. ते खरंही होतं, आमचा कोड ती मेथड बोलावतच होता. पण पायथनमध्ये लॉगची ओळ त्या एका हाकेत पूर्ण होत नाही. हाक मारल्यावर लॉगर आपली पातळी बघतो, आपल्याला कोणी बंद तर केलेलं नाही ना हे बघतो, मग रेकॉर्ड तयार करतो, तो हँडलरकडे (ओळ प्रत्यक्ष लिहिणाऱ्या भागाकडे) देतो, न अडवल्यास वरच्या लॉगरच्या हँडलरांकडेही पोचवतो, आणि संदेशातल्या '%' च्या जागा भरून शब्द तयार होतात ते शेवटी, हँडलर ओळ लिहायला घेतो तेव्हा. मॉक या वाटेवरचं काहीच करत नाही. तो जे मिळेल ते मुकाट्याने घेतो.

तेव्हा पहिलं काम म्हणून आम्ही मॉक काढून असर्टलॉग्ज आणलं. ही सोय पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून युनिटटेस्टमध्येच आहे, बाहेरून काही आणावं लागत नाही. 'विथ' लावून ब्लॉक उघडायचा, लॉगरचं नाव आणि पातळी सांगायची, आत आपलं फंक्शन चालवायचं. त्या ब्लॉकपुरता तो खऱ्या लॉगरचे हँडलर बाजूला करून स्वतःचा पकडणारा हँडलर बसवतो, पातळी आपण सांगितलेली करतो, वर जाणारी वाट बंद करतो, आणि बाहेर पडताना सगळं होतं तसं ठेवतो. ब्लॉक संपल्यावर हातात दोन याद्या राहतात: 'रेकॉर्ड्स' मध्ये खरे लॉग रेकॉर्ड आणि 'आउटपुट' मध्ये तयार झालेल्या ओळी. त्या पातळीची एकही ओळ आली नाही, तर टेस्ट तिथेच पडते. नाव दिलं नाही तर तो रूट, म्हणजे सगळ्यांच्या वरचा, लॉगर धरतो आणि पातळी दिली नाही तर इन्फो (साधी माहिती). आम्ही दोन्ही स्पष्ट लिहायचं ठरवलं. नाव न देता लिहिलेली टेस्ट दुसऱ्याच कुठल्या लायब्ररीच्या ओळीवर पास होऊ शकते.

बदल करून ती एक टेस्ट चालवली आणि ती लगेच पडली. पण ओळ सापडली नाही म्हणून नव्हे. टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारची माहिती दिल्याचा एरर, आला.

संदेशात पंक्तीच्या क्रमांकासाठी '%d' (इथे आकडाच हवा, अशी खूण) होतं आणि क्रमांक येत होता सीएसव्हीच्या पहिल्या रकान्यातून. सीएसव्ही मॉड्यूल वाचताना रकाने स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच देतं. म्हणजे '%d' ला '17' ही स्ट्रिंग मिळत होती, आकडा नाही. नेहमीच्या हँडलरमध्ये असं झालं की प्रोग्राम थांबत नाही. लॉगिंग मॉड्यूल ती चूक स्वतःच पकडतं, स्टँडर्ड एररवर (एरर छापायच्या वेगळ्या वाटेवर) ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठून आली त्याचा माग, छापतं आणि पुढे जातं. मूळ ओळ मात्र कधीच लिहिली जात नाही. लॉग लिहिता आला नाही म्हणून चालता प्रोग्राम कोसळू नये, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो. पण त्यामुळेच ही चूक टेस्टमध्ये सापडायला हवी, आणि असर्टलॉग्जचा हँडलर अशी चूक गिळत नाही, सरळ टेस्टवर फेकतो. पायटेस्टची लॉग पकडायची सोय, कॅपलॉग, हीही आवृत्ती ६.० पासून असंच करते. मॉकपुढे मात्र '%d' आणि स्ट्रिंग सुखाने एकत्र नांदत होते. शिवाय जुन्या टेस्टमध्ये क्रमांक हाताने, आकडा म्हणून लिहिलेला होता. आता टेस्टमध्ये तीन पंक्तींची खरी सीएसव्ही असते, आणि ती वाचण्यापासूनच टेस्ट सुरू होते.

'%d' चं '%s' (काहीही चालेल, मजकूर म्हणून छाप) केलं. टेस्ट पास झाली. मला वाटलं, सापडला चोर. पण हिशेब लागत नव्हता. दोष एवढाच असता तर प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापरातल्या प्रोग्रामच्या, स्टँडर्ड एररवर रोज रात्री ट्रेसबॅकचे ढीग दिसायला हवे होते. तिथे एकही नव्हता. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे एकोणीस दिवसांपूर्वीपर्यंत मेल व्यवस्थित येत होते. इतिहास पाहिला तर '%d' ची ओळ त्याच सुमारास कोणीतरी 'नीट' केलेली निघाली. ती नवीन चूक होती, पण तिच्या खाली आणखी काहीतरी दडलेलं होतं.

ते दाखवलं आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने. "दादा, ही टेस्ट एकटी चालवली की पास होते. सगळ्यांबरोबर चालवली की फेल. आणि आता टाइपएरर नाही, लॉगच आला नाही म्हणते." मी पुन्हा चालवून पाहिलं, आणि तसंच झालं. वॉर्निंग किंवा त्यावरच्या पातळीची एकही ओळ या लॉगरवर आली नाही, असं असर्टलॉग्जचं म्हणणं.

एकटी पास आणि घोळक्यात फेल, असं झालं की कोणीतरी सामायिक वस्तूला हात लावलेला असतो. लॉगर ही तशीच वस्तू आहे. एका नावाचा लॉगर अख्ख्या प्रोसेसमध्ये एकच असतो. कुठूनही मागा, तोच मिळतो. आम्ही टेस्टमध्ये असर्टलॉग्जच्या आधी त्या लॉगरचे गुणधर्म छापून पाहिले. पातळी ठीक. हँडलर ठीक. 'डिसेबल्ड' मात्र ट्रू. असर्टलॉग्ज हँडलर बदलतो, पातळी बदलतो, वरची वाट बदलतो. 'डिसेबल्ड' ला तो हात लावत नाही. बंद लॉगर त्याच्या ब्लॉकमध्येही बंदच राहतो. मला तर हे त्याचे मोठे उपकारच वाटले, कारण त्याने तेही सुरू करून दिलं असतं तर आम्हाला कधी पत्ताच लागला नसता.

मग लॉगर बंद कोणी केला? लॉगिंगचं कॉन्फिगरेशन लावणाऱ्या दोन्ही फंक्शनांना, डिक्टकॉन्फिग आणि फाइलकॉन्फिगला, 'आधीचे लॉगर बंद कर' असं सांगणारा एक पर्याय असतो, आणि तो न लिहिल्यास ट्रू धरला जातो. जुन्या वागण्याशी सुसंगत राहावं म्हणून तो तसा ठेवलेला आहे. म्हणून सगळ्या कोडमध्ये त्या पर्यायाचं नाव शोधलं. एकच जागा मिळाली, आमचं स्वतःचं डिक्टकॉन्फिग, आणि तिथे तो व्यवस्थित फॉल्स लिहिलेला. इथे आमचा अर्धा दिवस गेला. जी गोष्ट न लिहिल्यामुळे घडते, ती नाव शोधून सापडणार कशी!

वाट सापडली ती प्रॉडक्शनच्या लॉगमधून. ताळमेळाच्या मॉड्यूलची एकही ओळ नव्हती, पण प्रोग्राममधल्याच मेल पाठवणाऱ्या मॉड्यूलच्या (मॅडमचा इशाऱ्याचा मेल याच्याकडून जात नाही) ओळी मात्र येत होत्या. म्हणूनच तर लॉगिंग बंद पडल्याचा संशय कोणाला आला नव्हता. त्या ओळी मी नीट वाचल्या तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. आमच्या ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ असते, ती नव्हती. आणि पातळीच्या जागी 'वॉर्निंग' हा शब्द अर्धवट होता: इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली पाच अक्षरं, शेवटची एन-जी गायब. आमच्या कॉन्फिगमध्ये पातळीचं नाव कापणारं काहीच नाही. म्हणजे या ओळी दुसऱ्याच कोणाच्या साच्यातून येत होत्या. पातळी पाच अक्षरांवर कापणारा साचा शोधला, '५.५' असलेला, आणि तो सापडला अलेम्बिकच्या इनी फाइलमध्ये.

अलेम्बिक हे डेटाबेसच्या मायग्रेशनचं, म्हणजे त्याची रचना पायरीपायरीने बदलण्याचं, साधन आहे. नवीन प्रकल्प सुरू करताना ते एक इनी फाइल (सेटिंग्जची) आणि एक एन्व्ह नावाची पायथन फाइल तयार करून देतं. त्या पायथन फाइलमध्ये इनीतलं लॉगिंग लावण्यासाठी फाइलकॉन्फिगची हाक असते, आणि तिच्यात तो पर्याय लिहिलेला नसतो. इनीमध्ये तीनच लॉगर असतात: रूट, एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) आणि अलेम्बिक. शेवटच्या दोघांच्या खालचे लॉगर सोडले, तर बाकी जे जे लॉगर त्या क्षणी अस्तित्वात असतील ते सगळे बंद. शिवाय रूटवरचे हँडलर जाऊन तिथे इनीतला कन्सोल हँडलर येतो. कमांड लाइनवरून मायग्रेशन चालवलं तर यात काहीच वावगं नाही. ती प्रोसेस तेवढ्यापुरतीच जगते. आमचंही वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. वीस दिवसांपूर्वी आम्ही ते मायग्रेशन प्रोग्रामच्या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये आणलं, म्हणजे नवी आवृत्ती चढवताना कोणी विसरायला नको. निर्णय चांगला होता. पण आता प्रोग्राम आधी स्वतःचं लॉगिंग लावत होता, आणि लगेच पुढच्या पावलाला मायग्रेशन ते मोडून टाकत होतं.

मेलचं मॉड्यूल यातून का बचावलं? कारण ते वरती नव्हे तर फंक्शनच्या आत, गरज पडेल तेव्हा इम्पोर्ट होत होतं. त्याचा लॉगर मायग्रेशननंतर जन्मला, म्हणून बंद होण्यातून सुटला, आणि अलेम्बिकच्या साच्यात बोलू लागला. '%d' चे ट्रेसबॅक का दिसले नाहीत, तेही आता उलगडलं. बंद लॉगर रेकॉर्ड हँडलरपर्यंत जाऊच देत नाही, मग '%' च्या जागा भरायची वेळ येणार कुठून? एका दोषाने दुसऱ्यावर पांघरूण घातलं होतं. मायग्रेशनचा दोष एकटाच दुरुस्त केला असता, तर लॉगर सुरू झाला असता आणि ओळ तरीही आली नसती.

आमच्या टेस्टमध्येही हेच घडत होतं. पायटेस्ट आधी सगळ्या टेस्ट फाइली गोळा करताना त्या इम्पोर्ट करतो, आणि मग पहिली टेस्ट चालवतो. म्हणजे सगळे लॉगर आधीच जन्मलेले. मग इंटिग्रेशनच्या फोल्डरमधली एक टेस्ट प्रोग्रामचं सुरुवातीचं फंक्शन चालवते, मायग्रेशन होतं, आणि तिथून पुढच्या सगळ्या टेस्टना लॉगर बंद मिळतात. मॉक असेपर्यंत हे कोणालाच कळणार नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची झाली. फाइलकॉन्फिगच्या हाकेत 'आधीचे लॉगर बंद करू नको' हे स्पष्ट लिहिलं, आणि मायग्रेशन आमच्याच प्रोग्राममधून चालत असेल तर ती हाक मारायचीच नाही अशी अट घातली. दुसरी ओळ नसती तर लॉगर सुरू राहिले असते, पण हँडलर आणि साचा तरीही अलेम्बिकचाच राहिला असता. एकोणीस रात्रींच्या फाइली पुन्हा चालवल्या, न जुळलेल्या पंक्तींची यादी मॅडमना दिली, आणि सकाळच्या उत्तराबद्दल त्यांची माफी मागितली.

टेस्टमध्ये मात्र दोन ओळींनी भागलं नाही. सगळ्यात आधी आम्ही 'लॉग येऊ नये' अशा टेस्ट तपासल्या. पंक्ती जुळली तर वॉर्निंग नको, असं तपासणाऱ्या बऱ्याच टेस्ट होत्या. कॅपलॉगची रेकॉर्ड्सची यादी रिकामी आहे ना, एवढंच बघणाऱ्या. त्या सगळ्या हिरव्या होत्या आणि सगळ्या निरर्थक. बंद लॉगरची यादी रिकामीच असणार. कॅपलॉगचा हँडलर रूट लॉगरवर बसतो, त्यामुळे मधला एखादा लॉगर वरची वाट अडवत असेल तरीही यादी रिकामीच येते. पायथन ३.१० पासून असर्टनोलॉग्ज ('लॉग आला नाही' हे तपासणारा) मिळतो, आणि तो सांगितलेल्या लॉगरवरच बसत असल्याने वाट अडवलेली असली तरी चालतं. बंद लॉगरपुढे मात्र तोही फसतो. म्हणून आता नियम असा: 'येऊ नये' ची टेस्ट एकटी लिहायची नाही. त्याच लॉगरवर, त्याच टेस्टमध्ये, एक न जुळणारी पंक्ती देऊन ओळ येते हे आधी दाखवायचं.

मग एक फिक्स्चर लिहिलं, प्रत्येक टेस्टनंतर आपोआप चालणारं. लॉगिंग मॉड्यूल आपल्या सगळ्या लॉगरांची नोंद रूटच्या मॅनेजरकडे एका डिक्शनरीत ठेवतं. ती चाळून आमच्या पॅकेजमधला एखादा लॉगर बंद आढळला, तर ज्या टेस्टनंतर तो बंद झाला तिचं नाव घेऊन रन थांबतो. त्या डिक्शनरीत मधल्या नावांसाठी नुसत्या जागा धरणाऱ्या वस्तूही असतात. त्या लॉगर नसतात आणि त्यांना 'डिसेबल्ड' हा गुणधर्मही नसतो, म्हणून आधी प्रकार तपासावा लागतो. पहिल्या प्रयत्नात आम्ही इथेच अडखळलो.

ओळीत नेमकं काय तपासायचं, यावर टीममध्ये बराच खल झाला. पूर्ण वाक्य शब्दाला शब्द जुळवलं तर कोणी स्वल्पविराम हलवला तरी टेस्ट पडते, आणि मग माणसं टेस्टला मान देईनाशी होतात. पण मेलची यंत्रणा शब्दांवरच चालत असल्याने शब्द सोडताही येत नव्हते. शेवटी शब्दांवरचं अवलंबित्वच काढलं. लॉगरला 'एक्स्ट्रा' म्हणून एक डिक्शनरी देता येते आणि तिच्यातले मुद्दे रेकॉर्डवर गुणधर्म म्हणून येतात. तिथे घटनेचा संकेतांक आणि आरआरएन ठेवला, आणि यंत्रणेला संकेतांक ओळखायला शिकवलं. टेस्ट आता रेकॉर्डची पातळी, संकेतांक आणि आरआरएन बघते. वाक्य कसं सजवायचं ते लिहिणाऱ्यावर सोडलंय.

हा बदल करतानाच खऱ्या लॉगरने आणखी एकदा वाचवलं. सीएसव्ही फाइलचं नावही रेकॉर्डवर असावं म्हणून एकाने 'एक्स्ट्रा' मध्ये 'फाइलनेम' हा मुद्दा घातला. पण त्या नावाचा गुणधर्म प्रत्येक रेकॉर्डवर आधीपासून असतो, ज्या कोडमधून ओळ लिहिली गेली त्या फाइलचं नाव. लॉगिंग मॉड्यूल तो पुसू देत नाही, कीएरर फेकतं, आणि हा एरर '%d' सारखा गिळला जात नाही. तो थेट बोलावणाऱ्यावर येतो. म्हणजे पहिली न जुळणारी पंक्ती आली की अख्खा ताळमेळ कोसळला असता. असर्टलॉग्जची टेस्ट तिथल्या तिथे पडली. मुद्द्याचं नाव बदललं.

एक टेस्ट शब्दांसाठीही ठेवली आहे, आणि ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. ग्राहकाच्या यूपीआय आयडीत बऱ्याचदा त्याचा मोबाइल नंबरच असतो. तो आयडी आमच्या लॉगमध्ये दिसता कामा नये. ही टेस्ट रेकॉर्ड बघून भागत नाही; प्रॉडक्शनचाच फॉरमॅटर (ओळीचा साचा) लावून तयार झालेली पूर्ण ओळ घ्यावी लागते आणि तिच्यात तो आयडी नाही हे बघावं लागतं.

सगळ्याच लॉगसाठी आम्ही टेस्ट लिहीत नाही. डीबगच्या, म्हणजे आमच्या स्वतःच्या तपासापुरत्या, ओळी बिनधास्त बदलाव्यात. ज्या ओळीवरून कोणीतरी उठून काम करणार आहे, किंवा ज्या ओळीखेरीज एखाद्या चुकीचा मागमूस उरत नाही, तिला टेस्ट हवी.

आणि तरीही एक भोक उरतं. असर्टलॉग्ज हँडलर आणि पातळी स्वतः ठरवतो, त्यामुळे प्रॉडक्शनचं कॉन्फिग बरोबर आहे की नाही हे तो सांगूच शकत नाही. त्यासाठी एक वेगळी टेस्ट आहे. ती स्वतंत्र प्रोसेसमध्ये प्रोग्राम खराखुरा सुरू करते, तात्पुरत्या एसक्यूलाइट डेटाबेसवर मायग्रेशन होऊ देते, तीन पंक्तींची फाइल देते आणि स्टँडर्ड एररवर आलेल्या ओळी वाचते. हळू चालते, म्हणून एकच आहे.

मॅडमनी मागितलेली एक गोष्टही त्यात आली. "काहीच आलं नाही तर मला कळत नाही की शून्य आहे की बंद आहे," असं त्या म्हणाल्या होत्या. आता प्रत्येक रात्री शेवटी एक इन्फो पातळीची ओळ जाते: किती पंक्ती आल्या, किती जुळल्या, किती राहिल्या, मग राहिलेल्या शून्य का असेनात. आमच्या कॉन्फिगमध्ये पातळी फक्त रूटवर ठरवलेली आहे आणि अलेम्बिकच्या इनीत रूटची पातळी वॉर्निंग आहे. उद्या कोणी फाइलकॉन्फिगवरची ती अट काढून टाकली, तर लॉगर सुरू राहिले तरी ही इन्फोची ओळ सगळ्यात आधी नाहीशी होईल. स्वतंत्र प्रोसेसवाली टेस्ट शेवटी तीच शोधते.